आई नसलेलं कोकरू बाटलीवर वाढवताना

ताई, तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या खटाव तालुक्यातल्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. वाड्यातली, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामातली, एक मेंढी व्याल्यावर दुसऱ्या दिवशी मेली. वाडा पुढच्या गावाला निघाला, एवढ्या लहान कोकराला चालवत नेणं शक्य नव्हतं, म्हणून मेंढपाळ ते तुमच्या स्वाधीन करून गेले. नर आहे, तीन दिवसांचं आहे, ताणकाट्यावर अडीच किलो भरलं. घरी जर्शी गाईचं दूध आहे, शेजारी नुकतीच व्यालेली शेळी आहे. कोकरू रात्रभर ओरडतं, बाटली तोंडात धरत नाही, पिवळं चिकट हगतं आणि पोरं त्याला अंथरुणात घ्यायला बघतात. कुठलं दूध द्यायचं, किती द्यायचं आणि ते रुळेल कसं, एवढं तुम्हाला हवंय.

माण-खटावच्या वाड्यांवर जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. कोकरू भुकेनं मेलं असं मला क्वचितच बघायला मिळालं. गार पडलेल्या कोकराला दूध पाजल्यानं, एका वेळी पोटभर पाजल्यानं आणि तोंडात दूध ओतल्यानं मात्र कितीतरी गेली. म्हणून बाटली हातात घेण्याआधी एक काम करा. हात धुऊन करंगळी कोकराच्या तोंडात घाला. तोंड आतून ऊबदार लागलं आणि त्यानं बोट चोखायला सुरुवात केली, तर त्याला दूध देता येतं. तोंड गार लागलं, कोकरू मान टाकून पडलं असेल, तर त्या क्षणी दूध देऊ नका. गार अंगात आतडं चालत नाही, दूध तसंच पडून राहतं, नासतं, आणि गिळायची ताकद नसल्यानं थोडं फुप्फुसात उतरतं. घरात थर्मामीटर असेल तर गुदद्वारात अलगद घालून ताप मोजा. कोकराचं नेहमीचं तापमान 102 ते 104 अंश फॅरनहाइट असतं. म्हणजे आपल्यापेक्षा त्याचं अंग गरमच असतं, त्याला ताप समजू नका. 100 च्या खाली आलं तर आधी ऊब द्यायची. 99 च्या खाली गेलं आणि कोकरू निपचित असेल, तर डॉक्टरांना बोलवायचंच. जन्मताना अंगावर असलेली थोडी चरबी पहिल्या पाच-सहा तासांत जळून जाते. त्यानंतर गार पडलेल्या कोकराच्या रक्तातली साखरही उतरलेली असते. अशा वेळी नुसतं शेकत बसलं तर झटके येतात. त्याला आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन लागतं, ते घरी देण्यासारखं नाही.

तुमचं कोकरू रात्रभर ओरडतंय, याचा अर्थ त्याच्या अंगात जोर आहे. हे चांगलं लक्षण आहे.

आता चिकाचं बोलू. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच रोगाशी लढायची शिदोरी मिळते. मेंढीच्या वारेतून ती पलीकडे जात नाही. कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिकारशक्ती जवळपास नसतेच, ती सगळी चिकातून येते. कोकराच्या आतड्याची ती शक्ती रक्तात घ्यायची ताकद पहिल्या सहा तासांत सगळ्यात जास्त असते, मग घटत जाते आणि चोवीस तासांत संपते. तुमची मेंढी दुसऱ्या दिवशी मेली, म्हणजे कोकरानं पहिला दिवस आईला प्यायलं असण्याची शक्यता आहे. तरी मेंढपाळांना फोन करून नक्की विचारा: त्यानं सड धरला होता का, की मेंढी पहिल्यापासूनच आडवी होती? चीक मिळाला नसेल तर आता चीक देऊन ती प्रतिकारशक्ती रक्तात जाणार नाही. अशा कोकराची स्वच्छता दुपटीनं पाळायची आणि धनुर्वात व आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणारा आजार) यांच्याविरुद्ध आत्ताच काही देता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं.

पुढं कुणावर अशी वेळ पहिल्याच दिवशी आली तर हिशोब लक्षात ठेवा. दर किलो वजनाला 50 मिली चीक पहिल्या दोन तासांत, आणि चोवीस तासांत मिळून किलोला 200 मिली. अडीच किलोच्या कोकराला एका वेळी सव्वाशे आणि दिवसभरात अर्धा लिटर. मेंढीचा मिळाला तर उत्तम, नाहीतर शेळीचा, तोही नसेल तर गाईचा चालतो. गाईचा थोडा जास्त द्यावा, कारण तो मेंढीच्या चिकाइतका दाट नसतो. गावात गाय व्याली की शेजारपाजारी चीक वाटला जातो आणि त्याचा खरवस होतो. त्यातला पहिल्या दिवशीचा अर्धा लिटर छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायची सवय ज्या घरात मेंढ्या-शेळ्या आहेत त्यांनी लावावी. तो वर्षभर टिकतो. मात्र वापरताना गॅसवर ठेवायचा नाही. बाटली कोमट पाण्यात बुडवून वितळवायची. चीक तापवला की तो थिजतो, आणि ज्यासाठी तो द्यायचा तेच त्यातून जातं.

शेजारच्या शेळीबद्दल तुम्ही सहज लिहिलंय, पण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात आशेची गोष्ट तीच वाटते. वाड्यावर मेंढरांबरोबर चार-दोन शेळ्या असतात, त्या माणसांच्या चहादुधासाठी आणि अशा पोरक्या कोकरांसाठीच. शेळीवाल्यांना विचारून बघा. शेळीच्या पिल्लांचं पोट आधी भरू द्या, मग तिच्यापुढं भरडा ठेवा, एकानं शेळीला खांद्याशी धरा आणि दुसऱ्यानं कोकराला मागच्या बाजूनं कासेला लावा. पुढून लावलं तर ती वास घेऊन हुसकते, कारण आपलं पिल्लू ती वासानंच ओळखते. दिवसातून चार-पाच वेळा असं केलं तर काही शेळ्या आठवडाभरात उभ्या राहायला लागतात, काही शेवटपर्यंत राहत नाहीत. लाथा मारणाऱ्या शेळीशी झटापट करण्यात अर्थ नाही. तिचं दूध काढून बाटलीतून द्या, तेही चांगलंच. कास गरम, सुजलेली किंवा दुधात गाठी असतील, म्हणजे दगडी झाली असेल, तर त्या शेळीचं नको.

कोकरू मेलेली मेंढी जवळपास असेल तर तिला हे कोकरू लावणं याहून सरस. मेंढपाळ मेलेल्या कोकराचं कातडं काढून पोरक्या कोकराच्या पाठीवर पांघरतात, दोन-तीन दिवसांत मेंढी त्याला आपलं मानते. पण हे व्याल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांतच साधतं. तुमच्या भागातल्या दख्खनी मेंढीला बहुतेक एकच कोकरू होतं, त्यामुळं एखादीचं कोकरू गेलं की कास भरलेली आणि पाजायला कुणी नाही अशी मेंढी मिळू शकते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तयार केलेल्या नारी सुवर्णा मेंढ्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याकडून मात्र ही अपेक्षा धरू नका. त्यांच्यात सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळं देणारा जनुक आहे. त्यांच्या मालकांना आपलीच दोन-दोन कोकरं एका कासेवर जगवायची असतात.

आता बाटलीवरच वाढवायचं धरून बोलू. मेंढीच्या दुधात साधारण 7 टक्के फॅट असतं, जर्शी किंवा एचएफ (होल्स्टीन) गाईच्या दुधात साडेतीन ते पाच, शेळीच्या दुधात चारच्या आसपास, म्हशीच्या दुधात साडेसहा-सात. आकडे बघून म्हशीचं दूध जवळचं वाटेल आणि ते चालतंही, पण लहान कोकराला ते एकदम सुरू केलं की पोट बिघडतं. माझी पसंती आधी शेळीचं, मग तुमच्या गोठ्यातलं गाईचं. गाईच्या दुधावर कोकरू थोडं सावकाश वाढतं, पण नीट वाढतं. त्यात पाणी घालू नका. ‘पचायला हलकं’ म्हणून पाणी घालायची आपल्याकडे रीत आहे, पण गाईचं दूध मेंढीच्या दुधापेक्षा आधीच पातळ असतं. आणखी पातळ केलं की पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. साखर, गूळ, चहाची दूध पावडर, यातलं काही नको. एकदा जे दूध ठरलं ते बदलायचं नाही. बदलावंच लागलं तर चार-पाच दिवसांत थोडं थोडं करून बदला. दूध उकळून, कोमट करून द्या. मनगटावर थेंब टाकल्यावर किंचित गरम लागलं पाहिजे. वासरांची दूध पावडर घ्यायची वेळ आली तर पाकीट नीट वाचा. त्यात तांबं वेगळं घातलेलं असेल तर ती कोकराला नको. याचं कारण पुढं सांगतो.

बाटली साधी लहान बाळाची चालते. तिच्या बुचाचं भोक कोकराला बारीक पडतं, म्हणून तापवलेल्या सुईनं किंचित मोठं करा. बाटली उलटी धरली तर दूध थेंबथेंब गळावं, धार लागू नये. धार लागली की कोकराला गिळायला वेळ मिळत नाही आणि ठसका लागतो. बोंडल्यानं, चमच्यानं किंवा सुई काढलेल्या सिरिंजनं तोंडात दूध ओतायचं नाही. बाळाला बोंडल्यानं पाजलेलं आपण पाहिलेलं असतं म्हणून हात तिकडं जातो, पण कोकराच्या पोटाची रचना निराळी आहे. त्याला चार कप्पे. पहिला मोठा कप्पा चारा आंबवण्यासाठी, आणि तो अजून झोपलेला आहे. दूध जायला हवं चौथ्या कप्प्यात. कोकरू मान लांब करून, चोखून पितं तेव्हा अन्ननळीच्या शेवटी एक पन्हळ मिटते आणि दूध पहिला कप्पा ओलांडून थेट चौथ्यात उतरतं. ओतलं की ती पन्हळ नीट मिटत नाही, दूध पहिल्या कप्प्यात पडतं आणि तिथं सडतं. म्हणून कोकराला बाळासारखं मांडीवर उताणं घेऊ नका. ते आपल्या चार पायांवर उभं असावं, बाटली त्याच्या डोक्याच्या किंचित वर, मेंढीच्या कासेच्या उंचीवर, आणि मान पुढं ताणलेली.

बाटली धरत नाही यात नवल नाही, त्यानं बहुधा एक दिवस खरा सड चोखलाय. रबराचा वास त्याला परका आहे. बूच दोन-तीनदा उकळा, दुधात बुडवा. कोकराला दोन्ही पायांमध्ये हलकं धरा, त्याचं मागचं अंग तुमच्याकडे आणि तोंड पुढं. एका तळव्यानं हनुवटी धरा, त्याच हाताची बोटं डोळ्यांवरून आडवी येऊ द्या. मेंढीच्या पोटाखाली अंधार असतो, त्यामुळं डोळे झाकले की बरीच कोकरं सड शोधायला लागतात. मग शेपटीच्या मुळाशी ओलं कोमट फडकं फिरवा. पिताना आई तिथंच हुंगते, चाटते. शेपटी वळवळायला लागली की समजा जमलं. दहा मिनिटं प्रयत्न करा, नाही झालं तर सोडा आणि दोन तासांनी पुन्हा. भूक लागू द्या, पण सलग आठ-दहा तास काही न पिता जाऊ देऊ नका. तेवढं झालं तर डॉक्टर नळीनं पाजतील, आणि ती नळी घालायला त्यांच्याकडून प्रत्यक्ष हातानं शिकून घ्या. फोनवर व्हिडिओ बघून घालू नका, श्वासनळीत गेली तर कोकरू तिथंच जातं.

माप असं ठेवा. पहिला आठवडा दिवसाला वजनाच्या वीस टक्के, म्हणजे तुमच्या अडीच किलोच्या कोकराला 500 मिली, पाच वेळा शंभर-शंभर. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. कोकरू अशक्त वाटलं तर पहिले काही दिवस पहाटे दोनला उठून आणखी एकदा, पण दिवसाचं एकूण माप तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात चार वेळा दीडशे, तिसऱ्यात चार वेळा पावणेदोनशे ते दोनशे, महिन्याचं झालं की तीन वेळा अडीचशे-तीनशे. दर आठवड्याला त्याच वेळी, दूध पाजायच्या आधी, पिशवीत घालून ताणकाट्याला लावा. आठवड्याला पाऊण किलोच्या आसपास वाढलं तर दख्खनी कोकरासाठी ते समाधानकारक आहे. वजन दोन आठवडे हललं नाही तर दूध कमी पडतंय किंवा आत काहीतरी आजार आहे.

या मापात तुमचा जीव तुटेल, हे मला माहीत आहे. बाटली संपल्यावर ते ओरडतं, गुडघ्याला ढुशा देतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘अजून थोडं द्या की बिचाऱ्याला.’ नका देऊ. मेंढी कोकराला एका वेळी काही घोटच पाजते आणि पुढं चालू लागते, पण दिवसभरात कितीतरी वेळा पाजते. त्याचं पोट थोडं-थोडं आणि पुन्हा-पुन्हा यासाठीच घडलंय. बाटलीवरच्या कोकराला एकदम जास्त गेलं की चौथ्या कप्प्यात दूध आंबून वायू धरतो. तासा-दोन तासांत पोट टम्म फुगतं, कोकरू दात खातं आणि बघता बघता जातं. याचा धोका दोन ते चार आठवड्यांच्या, छान खेळणाऱ्या, हावरट कोकरांना जास्त असतो, म्हणून तो जास्त जिव्हारी लागतो. पाजून झाल्यावर मागून बघा. कुशी कमरेच्या हाडांबरोबर सरळ दिसल्या तर माप बरोबर, बाहेर फुगल्या तर जास्त झालं, आत खोल गेल्या तर कमी. झोपेतून उठताना कोकरू पाठ ताणून आळस देत असेल तर ते मजेत आहे. पाठ कमानीसारखी काढून, चारही पाय जवळ घेऊन उभं असेल तर त्याला भूक, थंडी किंवा दुखणं आहे.

पिवळं, चिकट, लापशीसारखं हगणं हे दुधावरच्या कोकराचं नेहमीचं हगणं आहे. जन्मल्यावर पहिलं काळं, डांबरासारखं पडतं, मग पिवळं, आणि चारा खायला लागल्यावर लेंड्या. त्याची काळजी नको. मात्र हे पिवळं शेपटीखाली वाळून गुदद्वार बंद होऊ शकतं. आई ते चाटून साफ ठेवते, इथं ते तुम्हाला रोज कोमट ओल्या फडक्यानं करावं लागेल. पाण्यासारखं पातळ, पांढरट, फार घाण वासाचं किंवा रक्ताचं झालं तर ती हगवण. दूध पूर्ण बंद करू नका. दोन पाजण्यांच्या मधे मेडिकलमधलं ओआरएसचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून शंभर-शंभर मिली द्या, दुधात मिसळून देऊ नका. चोवीस तासांत थांबलं नाही, किंवा कोकरू उठेना, डोळे खोल गेले, तर थांबू नका. बाटली आणि बूच प्रत्येक वेळी भांड्याच्या साबणानं, ब्रशनं आणि उकळत्या पाण्यानं धुवायचं, उरलेलं दूध पुन्हा वापरायचं नाही. हगवणीचं निम्मं कारण मी बाटलीच्या तळाशीच पाहिलंय.

रात्रीच्या ओरडण्याकडे येऊ. तोंड ऊबदार आहे, पोट भरलंय, तरी ओरडतं, तर ते एकटं पडलंय म्हणून. मेंढी हे कळपाचं जनावर आहे. एकटं राहणं म्हणजे त्याच्या लेखी जिवाला धोका, आणि ते सगळा जोर लावून कळपाला हाक मारतं. यावर अंथरूण हा उपाय नाही. त्याला जनावराची सोबत द्या. शेजारच्या शेळीचं एखादं करडू रात्रीपुरतं त्याच्याबरोबर एका डालग्याखाली ठेवता आलं तर पहिल्याच रात्री फरक पडेल. तेही नसेल तर डालगं शेळ्यांच्या दावणीजवळ ठेवा, त्यांचा वास आणि रवंथाचा आवाज त्याला मिळू दे. सोबतीसाठी लोणंदच्या बाजारातून दुसरं कोकरू मात्र लगेच आणू नका. बाजारात दहा गावांची जनावरं एकत्र येतात, आणि आलेल्या कोकराबरोबर पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा आजार) किंवा मावा (ओठांवर खपल्या आणणारा आजार) तुमच्या दारात येऊ शकतो.

जागा गोठ्याचा वारा न लागणारा कोपरा. खाली भुसकट किंवा चुरलेला कडबा चार बोटं जाड, वर गोणपाट. उसाचं पाचट कडक आणि धारदार असतं, ते कोवळ्या नाळेला नको. अंथरूण रोज वरून बदला. बसून आपलं नाक कोकराच्या उंचीवर न्या. डोळे चुरचुरले तर मुताच्या वाफेनं त्याची फुप्फुसं खराब होणार. दिवाळीनंतर माण-खटावच्या माळावर पहाट फार बोचरी असते, तेव्हा डालग्यावर जुनी घोंगडी टाका आणि आत कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे त्याला टेकून बसता येईल. बल्ब लावायचा तर कोकराच्या तोंडाला, उडीला लागणार नाही इतका उंच, साखळीनं बांधून. भुसकटावर पडलेल्या बल्बनं गोठे पेटलेत. चुलीशेजारी ठेवू नका, धुरानं खोकला धरतो.

पोरांना त्याच्यापासून तोडायचं नाही. दूध पाजण्याच्या वेळेचं काम त्यांच्याकडे द्या, वजनाची नोंद त्यांना ठेवायला सांगा. पण अंथरुणात नको आणि कपाळाला हात लावून ढकलाढकली नको. तुमचं कोकरू नर आहे म्हणून हे मी कळकळीनं सांगतोय. आज अडीच किलोचं कोकरू टक्कर देतं तेव्हा गंमत वाटते. माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलेला नर माणसालाच आपला कळप समजतो, आणि दीड वर्षानं मोठा मेंढा झाल्यावर तीच टक्कर म्हाताऱ्या माणसाच्या पाठीत किंवा लहान पोराच्या पोटात बसते. असा मेंढा मग कुणालाच नको असतो आणि त्याचा शेवट खाटकाकडे होतो. त्यानं टक्कर द्यायला सुरुवात केली की बाजूला व्हा, हनुवटीखाली खाजवा, कपाळ मोकळं सोडा. दिवसाचा जास्त वेळ तो शेळ्या-करडांत काढेल असं बघा.

दहा-पंधरा दिवसांचं झालं की त्याच्यापुढं थोडं कोवळं, सुकवलेलं टांगून ठेवा: शेवरी, लसूणघास, दशरथ घास. आधी नुसतं चावून टाकेल, चालेल. पहिला कप्पा दुधानं जागा होत नाही, चारा आणि भरड्यानं होतो. मक्याचा भरडा आणि शेंगदाणा पेंड मिसळून मूठभर, रोज ताजं, कालचं उरलेलं शेळीला. स्वच्छ पाणी पहिल्या आठवड्यापासून समोर असू द्या. आणि आता तांब्याचं. मेंढीचं यकृत तांबं साठवून ठेवतं, ते सहज बाहेर पडत नाही. गाईच्या खनिज मिश्रणातलं, कोंबडीखाद्यातलं तांबं मेंढीला काही आठवड्यांत विष ठरतं. जनावर एके दिवशी पिवळं पडतं, लाल मुततं आणि मरतं. गाईला देता ती पावडर चिमूटभरसुद्धा कोकराला नको. मेंढीसाठीचं मिश्रण वेगळं मिळतं. गोठ्यातली सुतळी, प्लॅस्टिकचे तुकडे उचला, बाटलीवरची कोकरं सगळं चघळतात.

नाळेचं टोक अजून ओलं असेल तर आजच टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा आणि पूर्ण वाळेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ. पुढं एखाद्या पायाचा सांधा सुजून गरम लागला तर बहुतेक नाळेतून जंतू शिरलेत, औषध लवकर लागतं. ओठांवर, हिरड्यांवर खपल्या आल्या तर तो मावा. तो माणसाच्या हातालाही होतो, म्हणून हातमोजे घाला आणि ती बाटली इतर कुणा पिल्लाला लावू नका. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात काळपट, रक्ताची हगवण लागली तर शेणाची तपासणी करून घ्या, तिथं नेहमीचं जंताचं औषध उपयोगाचं नसतं. आंत्रविषाराची लस कधी द्यायची हे आईला लस दिली होती का यावर ठरतं, तेही मेंढपाळांना त्याच फोनमध्ये विचारा. डॉक्टर लवकर मिळाले नाहीत तर 1962 या क्रमांकावर पशुवैद्यकाची गाडी बोलावता येते.

दूध आठ-दहा आठवडे तरी चालू ठेवा. वजन जन्माच्या तिप्पट झालं, आठ किलोच्या आसपास, आणि दिवसाला दीडशे-दोनशे ग्रॅम भरडा तो नेमानं खात असेल, तर आधी दुपारची बाटली बंद करा, आठवड्यानं संध्याकाळची, मग सकाळची. एकदम तोडलं तर वजन पडतं. पहिल्यांदा रानात सोडताना भुकेल्या पोटी सोडू नका आणि कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत अजिबात जाऊ देऊ नका, ते विषारी असतात.

मेंढपाळ परत आले की कोकरू त्यांना द्यावं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. ते चारा खाऊन तीन महिन्यांच्या पुढं गेलं असेल, त्याला शेळ्यांत राहायची सवय असेल, लस झाली असेल, तर द्या. वाडा तुमच्या रानात बसेल तेवढे दिवस त्याला रात्री वाघरीत (जाळीच्या कुंपणात) मेंढरांबरोबर कोंडायला सांगा आणि सकाळी तुमच्याकडे आणा, म्हणजे अनोळखी मेंढ्यांचा मार एकदम बसणार नाही. वाडा निघताना सोबत आठवडाभर पुरेल इतका त्याच्या सवयीचा भरडा द्या. आणि ठेवून घ्यायचंच ठरलं, तर एकटा ठेवू नका, त्याला जोडीला एक मेंढी तरी घ्या.